वाफेत लपलेली उष्णता

वलीम्याची बिर्याणी शिजत असते. देगेतल्या आधणाला खळखळून उकळी फुटलेली असते. तेवढ्यात घरातले कोणी वडीलधारे येतात आणि म्हणतात, "जाळ वाढवा, पाहुणे यायला लागले." बावर्ची "जी" म्हणतो, मान हलवतो आणि जाळ आहे तेवढाच ठेवतो. बावर्चीचेच बरोबर असते. पाण्याला एकदा उकळी फुटली की खाली जाळ दुप्पट करा नाहीतर चौपट करा, पाणी त्याहून एक अंशही जास्त तापत नाही. तांदूळ त्यामुळे लवकर शिजत नाही. पाणी मात्र लवकर आटते आणि सिलिंडर लवकर संपतो.

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते हे शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. पण ते समुद्रकिनाऱ्यावरच्या गावासाठी खरे. आपले नागापूर आणि सगळे नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब थोडा कमी, म्हणून पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. महाबळेश्वरला त्याहून कमी तापमानाला उकळते. कुकरमध्ये उलटे होते. वाफ कोंडल्यामुळे दाब वाढतो, पाणी १२० अंशांच्या जवळ जाईपर्यंत उकळत नाही, आणि मटण अर्ध्याहून कमी वेळात शिजते. कुकर झाला की शिट्टी येते, आणि शिट्टी आल्यावर गॅस मंद करायचा असतो. कारण त्यानंतर मोठ्या जाळाने फक्त शिट्ट्यांची संख्या वाढते.

प्रश्न असा, की उकळत्या पाण्याखाली जाळ चालूच आहे, उष्णता आत जातेच आहे, मग तापमापकाचा पारा हलत का नाही? ती उष्णता जाते कुठे? ती पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात. त्यांना सोडवून मोकळे करायला काम पडते. तापमान न वाढवता आत शिरणाऱ्या या उष्णतेला मराठी पुस्तकात 'अप्रकट उष्मा' म्हणतात, उर्दू माध्यमाची मुले 'मख्फी हरारत' म्हणतात. दोन्हींचा अर्थ एकच, लपलेली. बर्फ वितळतानाही असेच होते. एक किलो बर्फाचे पाणी करायला ८० किलोकॅलरी लागतात आणि तेवढा वेळ पारा शून्यावरच थांबून असतो. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ करायला लागतात ५४० किलोकॅलरी. दहावीच्या 'उष्णता' या धड्यातले ८० आणि ५४० हे आकडे मुले परीक्षेपुरते पाठ करतात. ५४० हा केवढा मोठा आकडा आहे याची जाणीव मात्र फार थोड्यांना असते. एक लीटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी पुरते. म्हणजे घरातल्या ३० अंशांच्या पाण्याला उकळीपर्यंत न्यायला जेमतेम ६८ लागतात, आणि तेच पाणी आटवून टाकायला त्याच्या जवळजवळ आठपट.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट मोजली ती स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठातील जोसेफ ब्लॅक यांनी, १७६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत. त्याआधी विद्वानांचाही समज असा होता की बर्फ वितळण्याच्या बिंदूला पोहोचला की थोड्याशा उष्णतेने सगळा वितळायला हवा. तसे असते तर हिमालयातला बर्फ उन्हाळ्याच्या पहिल्या दोन-चार दिवसांत महापूर होऊन खाली आला असता. त्याच विद्यापीठात यंत्रे दुरुस्त करणारे जेम्स वॅट होते. थोड्याशा पाण्याची वाफ आपल्या वजनाच्या सुमारे सहापट थंड पाण्याला उकळी आणते हे पाहून ते चकित झाले, आणि ब्लॅक यांनी त्यांना त्याचे कारण सांगितले. वॅट यांच्या वाफेच्या इंजिनाचा पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे.

तापमान वेगळे आणि उष्णता वेगळी, हा फरक समजायला आपल्या नगरचीच एक मोठी वस्तू उपयोगी पडते. विजापूरच्या शेर्जा बुरुजावर आज जी 'मलिक-ए-मैदान' ऊर्फ मुलूखमैदान तोफ आहे, ती विजापूरची नाही. ती हिजरी ९५६ म्हणजे १५४९ साली अहमदनगरमध्ये, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात ओतली गेली. ओतणारा कारागीर मुहम्मद रूमी, इतिहासात 'रूमी खान' म्हणून ओळखला जातो. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि १६३२ च्या सुमारास तिथून विजापूरला. तोफेची लांबी सव्वाचार मीटरहून जास्त, वजन सुमारे ५५ टन. धातू कांस्य, म्हणजे पाच भागांत चार भाग तांबे आणि एक भाग कथील.

शुद्ध तांबे वितळते १०८५ अंशांना. कथील अगदी मऊ धातू, २३२ अंशांनाच पाणी होते. दोन्ही मिसळले की मिश्रण तांब्यापेक्षा लवकर वितळते. पाचास एक कथील असलेले कांस्य ८९० अंशांच्या आसपास पूर्ण पातळ होते. शिवाय थंड झाल्यावर ते नुसत्या तांब्यापेक्षा कठीण निघते. भट्टीत कोळसा आणि भाता वापरून एवढे तापमान गाठणे त्या काळीही शक्य होते. लोखंडाचे तसे नाही. ते १५३८ अंशांना वितळते, म्हणून जुन्या काळी लोखंड बहुधा तापवून ठोकले जाई आणि तांबे ओतले जाई. सूरह कहफमध्ये जुल्करनैनच्या भिंतीची हकीकत आहे. लोखंडाचे तुकडे रचून, धमवून लाल करून त्यावर वितळलेले तांबे ओतल्याचा उल्लेख बहुतेक अनुवादांत येतो. तापलेले लोखंड घट्टच राहते आणि तांबे फटींतून उतरते, कारण दोघांच्या वितळण्याच्या तापमानात साडेचारशे अंशांचे अंतर आहे.

आता रूमी खानच्या तोफेचा ढोबळ हिशेब करू. एक किलो थंड तांबे तापवून पूर्ण वितळवायला सुमारे १६० किलोकॅलरी लागतात. ५५ टनांपैकी ४४ टन तांबे आणि ११ टन कथील धरले, ओतण्याइतके गरम करण्याचा खर्च धरला, तर बेरीज होते पाऊणशे-ऐंशी लाख किलोकॅलरी. भट्टीत वाया गेलेली उष्णता यात नाही. आकडा मोठा वाटतो ना? पण तेवढ्याच उष्णतेत साधे पाणी किती आटेल? बारा-तेरा हजार लीटर. उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यातल्या गावांना पाणी देणारा एखादा मोठा टँकर जेवढा असतो, साधारण तेवढे. दहावीच्या वर्गात हा हिशेब फळ्यावर मांडला की मुले पुन्हा पुन्हा गुणाकार तपासतात. पंचावन्न टनांची तोफ वितळवायला जेवढी उष्णता, तेवढीच एक टँकर पाणी आटवायला! एका लीटर पाण्याची वाफ होते त्या उष्णतेत पावणेचार किलो तांबे वितळले असते.

म्हणजे वाफ ही दिसायला हलकी, पण उष्णतेची मोठी गाठोडी बांधलेली वस्तू आहे. आणि ती जिथे थंड होऊन पुन्हा पाणी होते, तिथे ते गाठोडे जसेच्या तसे सोडते. देगेच्या तोंडाला कणीक लावून दम देतात तेव्हा नेमके हेच होते. तळातली वाफ वर जाते, भाताच्या थंड थरावर तिचे पाणी होते आणि लपलेली उष्णता भाताला मिळते. म्हणून वरचा थर जाळापासून इतका दूर असूनही शिजतो. तीच वाफ भाताऐवजी हातावर पाणी झाली तर काय होईल?

एक ग्रॅम उकळते पाणी अंगावर पडले तर ते शरीराच्या तापमानाला येईपर्यंत सुमारे ६० कॅलरी देते. एक ग्रॅम वाफ आधी ५४० देते आणि मग वरच्या ६०. एकूण दहापट. तापमान दोघांचे एकच. घरात मुलांना आपण "गरम पाण्याला हात लावू नको" सांगतो, वाफेबद्दल क्वचित सांगतो. त्यात आणखी एक फसवणूक आहे. आपण ज्याला वाफ म्हणतो तो पांढरा धूर खरे तर थंड होऊन बनलेले पाण्याचे बारीक थेंब असतात. खरी वाफ दिसत नाही. किटलीच्या तोटीजवळ, कुकरच्या शिट्टीजवळ जो दोन बोटांचा रिकामा भाग दिसतो, तिथेच ती असते. देगेचे झाकण काढताना दूरची कड आधी उचलावी, म्हणजे वाफ पलीकडे जाते. जवळची कड आधी उचलली की ती थेट मनगटावर आणि तोंडावर येते.

कुकर जबरदस्तीने उघडणे त्याहून वाईट. आतले पाणी १२० अंशांचे असते. झाकण निघताच दाब उतरतो, आणि ९८ अंशांवर उकळायला हवे असलेले पाणी जास्तीची उष्णता एका क्षणात वाफेत घालते. दोन लीटर पाणी असेल तर त्यातल्या ८० ग्रॅमच्या आसपास पाण्याची तत्क्षणी वाफ होते. ८० ग्रॅम म्हणजे अर्धा कप, पण वाफ होताना पाणी सोळाशे-सतराशे पट फुगते. अर्ध्या कपाची सव्वाशे लीटरहून जास्त वाफ, आणि तिच्याबरोबर उडणारी उकळती डाळ.

भाजलेच तर भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. वीस मिनिटे खूप वाटतात, पण कातडीखाली शिरलेली उष्णता बाहेर यायला तेवढा वेळ लागतो. अंगठी, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात. बर्फ लावू नये, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांपैकी काहीही लावू नये. चेहरा भाजला असेल, फोड मोठे असतील किंवा मूल लहान असेल तर दवाखान्यात न्यावे.

पाणी सोळाशे पट फुगते, हा आकडा नागापूरच्या घरांत वेगळ्या कारणानेही माहीत असायला हवा. मनमाड रस्त्यावरच्या आपल्या एमआयडीसीत कितीतरी घरांतले बाप आणि मुले कामाला आहेत. कोणी कास्टिंगला, कोणी वेल्डिंगला, कोणी भंगाराच्या धंद्यात. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, तांब्यापेक्षा कितीतरी लवकर. त्यामुळे ते 'सोपे' समजले जाते. पण किलोमागे उष्णता पाहिली तर ॲल्युमिनियम वितळवायला सुमारे २५० किलोकॅलरी लागतात, तांब्याला १६०. वितळलेले ॲल्युमिनियम म्हणजे कमी तापमानात जास्त उष्णता साठवलेला धातू. त्यात ओले भंगार पडले तर? बंद डबीत राहिलेले चमचाभर पाणी, पावसात भिजलेला पत्रा, गार पडलेला ओलसर पळा. पाणी धातूच्या खाली जाते, तिथे क्षणात त्याची वाफ होते, आणि वर असलेला सगळा पातळ धातू ती उडवून देते. जुने कारागीर भंगार आधी भट्टीच्या काठावर शेकून घेतात, पळा आणि साचा गरम करतात, बंद डब्या फोडून पाहतात. नवीन मुलाला हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. कामावर लागलेल्या मुलाला पहिल्या दिवशी कोणी हे सांगितले नसेल तर घरच्यांनी सांगावे.

कढईतल्या तेलाचे गणित तेच. भजी, समोसे तळताना तेल १८० अंशांच्या आसपास असते, म्हणजे पाणी उकळण्याच्या खूप वर. ओल्या हाताचा थेंब पडला की तडतड होते ती त्या थेंबाची वाफ. फ्रीजमधून काढलेल्या समोशांवर बर्फाचे कण असतील तर ते झटकून, पुसून मगच सोडावेत. आणि तेलाने पेट घेतलाच तर त्यावर पाणी मुळीच टाकू नये. पाणी जड असल्याने तळाला जाते, वाफ होऊन पेटलेले तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करावा, झाकण सरकवून ठेवावे आणि पुरते थंड होईपर्यंत ते काढू नये. रमजानमध्ये इफ्तारच्या आधीचा अर्धा तास आपल्या स्वयंपाकघरांत सर्वांत धांदलीचा असतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता कल्हई. आपल्याकडे जुन्या तांब्याच्या देगा, पातेली अजून आहेत, आणि कल्हई करणारे बरेचसे कारागीर आपल्याच समाजातले. भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाने तो पातळ धातू पसरवायचा, एवढे काम मिनिटभरात होते ते कथील २३२ अंशांना वितळते म्हणून. मग रोज चुलीवर चढणाऱ्या देगेतली कल्हई वितळत का नाही? कारण आत पाणी असते. पाणी आहे तोवर भांड्याचा आतला पृष्ठभाग उकळत्या पाण्याच्या फार वर जाऊ शकत नाही. जादा उष्णता वाफ घेऊन जाते. जाळाची ज्योत हजार अंशांच्या वर असली तरी २३२ चे कथील सुरक्षित राहते. पण तेच भांडे रिकामे जाळावर राहिले किंवा त्यात नुसते तूप कडकडीत तापवले, तर कल्हई ओघळून गोळे होतात. म्हणून कल्हईच्या देगेत बिरिस्ता तळू नये, तो कढईत तळून घ्यावा.

कल्हईबाबत एक गोष्ट गंभीर आहे. कथील महाग आणि शिसे स्वस्त. कथलात शिसे मिसळले की कांस्यासारखाच प्रकार होतो, मिश्रण दोन्ही धातूंपेक्षा लवकर वितळते. शिसे एकटे ३२७ अंशांना, कथील २३२ ला, पण योग्य प्रमाणात मिसळले तर १८३ लाच. रेडिओ दुरुस्त करणारे झाळायला तेच वापरतात. अशी कल्हई करायला सोपी आणि चकचकीत दिसते, पण आंबट रश्श्यात, चिंचेत, दह्यात ते शिसे थोडे थोडे उतरते आणि ते मुलांच्या मेंदूला अपाय करते. थोडे शिसे चालते असे काही नाही. कल्हई करताना कथील शुद्ध आहे का हे विचारण्यात कारागिराचा अपमान नाही. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली तर चिरचिर आवाज येतो. शिसे मुकाट वाकते आणि कागदावर घासले तर काळसर रेघ ओढते. चांगले कारागीर स्वतःच ही परीक्षा करून दाखवतात.

लपलेली उष्णता नुसती धोक्याचीच नाही. एक लीटर पाणी उघड्या भांड्यात आटवायला घरगुती शेगडीवर सुमारे ८० ग्रॅम गॅस जळतो. उकळी आल्यावर झाकण ठेवून जाळ कमी केला तर यातला बराच वाचतो. यखनी आटवायचीच असेल तर गोष्ट वेगळी. उलट बाजूने, एक लीटर ३० अंशांच्या सरबतात पाव किलो बर्फासारखे गार पाणी घातले तर सरबत २४ अंशांवर येते. पाव किलो बर्फ घातला तर तो वितळताना उष्णता ओढून घेतो आणि सरबत ८ अंशांपर्यंत उतरते. दोन्ही शून्य अंशांचेच, पण काम किती वेगळे! माठाचे तर विचारूच नका. त्याच्या अंगातून पाझरून उडून जाणारे एक लीटर पाणी ५८ लीटर पाणी दहा अंशांनी थंड होईल एवढी उष्णता घेऊन जाते. नगरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ आणि कूलर जेवढे गार करतात तेवढे मुंबईच्या दमट हवेत करत नाहीत, कारण तिथे पाणी उडायलाच तयार नसते. आपला घामही तेच करतो. भट्टीजवळ काम करणाऱ्याला घाम यायचा थांबला आणि अंग तापलेले राहिले, तर ती ताबडतोब दवाखान्यात नेण्याची वेळ आहे. वाटेत अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा.

शेवटी पुन्हा वलीम्याच्या गॅसकडे. मोठ्या शेगडीला लावलेला सिलिंडर तासाभरात बाहेरून घामेजतो, कधी त्यावर बर्फाचा पातळ थरही धरतो आणि ज्योत बारीक होते. लोकांना वाटते गॅस संपला. तो संपलेला नसतो. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. त्यातला प्रोपेन उणे ४२ अंशांना आणि ब्यूटेन शून्याच्या जरा खाली उकळतो. शेगडीकडे गॅस जायचा तर आत तो द्रव उकळायला हवा, आणि त्यासाठी लागणारा अप्रकट उष्मा तो स्वतःच्याच द्रवातून आणि सिलिंडरच्या पत्र्यातून घेतो. मागणी मोठी झाली की सिलिंडर थंड पडतो, आतला दाब उतरतो आणि ज्योत दबते. अशा वेळी सिलिंडर आडवा करणे, त्याला जाळ दाखवणे किंवा त्यावर उकळते पाणी ओतणे हे प्रकार थंडीच्या दिवसांतल्या लग्नांत पाहायला मिळतात. आडव्या सिलिंडरमधून गॅसऐवजी द्रव बाहेर येतो आणि शेगडीवर भडका उडतो. जाळ दाखवण्याबद्दल तर बोलायलाच नको. उपाय साधा आहे. एका सिलिंडरवर मोठी शेगडी चालवण्याऐवजी दोन-तीन सिलिंडर एकत्र जोडून घ्यायला सांगावे, म्हणजे प्रत्येकावर ओढ कमी पडते आणि कोणताच गारठत नाही. हॉलची तारीख ठरवताना बावर्चीशी आणि गॅसवाल्याशी हे आधीच बोलून ठेवावे.